कान आधी, तोंड मग, आणि पुन्हा कान

वाचकाचं पत्र

स.न.वि.वि.

माझे मिस्टर ६१ वर्षांचे आहेत. रबाळ्याच्या एमआयडीसीत मशीनवर ३० वर्षं काढली, कान हळूहळू गेले. शेवटची सात-आठ वर्षं ते आमच्या ओठांकडे बघूनच बोलणं समजून घ्यायचे. चार महिन्यांपूर्वी उजव्या कानाला कॉक्लिअर इम्प्लांट झालं, म्हणजे ऑपरेशन करून कानाच्या आत तार बसवली आणि बाहेरून मशीन लावायचं. डाव्या कानात जुनंच श्रवणयंत्र आहे. आवाज येतो म्हणतात, पण तोंड बघितल्याशिवाय शब्द कळत नाहीत. आमच्या बिल्डिंगमध्ये एका लहान मुलालाही इम्प्लांट झालंय. त्याच्या आईला थेरपिस्टनी शेजारी बसून, तोंड न दाखवता बोलायला सांगितलंय. ते ऐकून मीही घरात पदराआड तोंड धरून बोलायला लागले. आठ दिवसांत हे इतके वैतागले की मशीनच काढून ठेवायला लागले. मुलगा म्हणतो, टीव्हीवर खाली अक्षरं लावून बघू दे, सवयीने येईल. मग तोंड दाखवायचं की झाकायचं? अक्षरं चालू ठेवायची की बंद? आणि सुनेचं बोलणं ह्यांना कळतं, मुलाचं अजिबात कळत नाही, ते कसं काय?

— एक गृहिणी, कोपरखैरणे

उत्तर

ताई, पदर आजच खाली घ्या. जेवताना, चहा देताना, दाराशी कोण आलंय ते सांगताना तुमचं तोंड समोर, उजेडात आणि उघडं हवं. चार महिन्यांच्या इम्प्लांटवाल्या माणसाशी दिवसभर तोंड झाकून बोलणं म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी खाडीत ढकलणं. यजमानांनी मशीन काढून ठेवलं ते त्यामुळेच. आणि मशीन निघालं की बाकी सगळं खुंटलं, कारण जागेपणी दहा-बारा तास प्रोसेसर, म्हणजे ते बाहेरचं मशीन, डोक्यावर असणं हाच सगळ्यात मोठा सराव आहे. रोज किती तास लावला याची नोंद बहुतेक प्रोसेसरमध्ये आपोआप होते. पुढच्या मॅपिंगला, म्हणजे मशीनचे आवाज जुळवून घ्यायला गेलात की, ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) ती उघडून बघतील, तेव्हा "लावतो की रोज" म्हणून भागायचं नाही.

तुमचं सगळंच चुकलं असंही नाही. नुसत्या ओठांवर भागत गेलं तर कानाला काम उरत नाही, हे खरंच आहे. म्हणून दिवसाचे दोन भाग पाडा. व्यवहाराचं बोलणं तोंड दाखवून, हातवारे करून, लागलं तर लिहूनसुद्धा. सरावाला बसलात की मात्र क्रम ठरलेला: आधी नुसतं कानाने, अडलं तर तोंड किंवा चिठ्ठी, आणि उलगडा झाला की तेच वाक्य परत नुसतं कानाने. थेरपीवाले याला सँडविच म्हणतात. दोन्ही बाजूंना ऐकणं, मध्ये बघणं. घरोघरी पहिले दोन थर नीट लागतात आणि तिसरा राहून जातो. "कळलं ना? चला, पुढचं." नेमकं तिथे काम अर्धवट सुटतं, कारण आता डोक्याला शब्द माहीत आहे, तो या नव्या आवाजात कसा वाजतो हे टिपायची वेळ आत्ताच आलेली असते.

बिल्डिंगमधल्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. त्याला भाषाच पहिल्यांदा कानातून मिळतेय, म्हणून त्याचा थेरपिस्ट ऐकण्याला पुढे ठेवतो. तिथेही तोंड झाकत नाहीत बरं का. आई शेजारी बसते, दोघं खेळण्याकडे बघतात, आणि तोंड आपोआप नजरेबाहेर राहतं. तुमच्या यजमानांच्या डोक्यात साठ वर्षांची मराठी तयार आहे. त्यांना जुन्या शब्दांना नवा, थोडा चिरका, यंत्रासारखा वाटणारा आवाज जोडून घ्यायचाय. या जोडणीत चेहरा आणि अक्षरं अडसर नसतात. चेहरा दाखवून केलेल्या सरावाने नंतर नुसतं ऐकणंही सुधारतं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. अट एवढीच की कानाला त्याची पाळी मिळाली पाहिजे.

आता तोंड नेमकी कुठे मदत करतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. निरोगी कानाच्या शंखात आवाज टिपून नसेकडे पाठवणाऱ्या साधारण ३,५०० आतल्या केसपेशी असतात. इम्प्लांटच्या तारेवर कंपनीनुसार १२ ते २२ इलेक्ट्रोड. एवढ्याशा खिडक्यांतून बोलण्याचा ठेका, शब्दाची लांबी, प आहे की ब, नाकातून आलेला म आहे का, हे बऱ्यापैकी आत जातं. अक्षर तोंडात कुठे तयार झालं, ओठांवर, दातांपाशी की घशाजवळ, हे मात्र पुसट होतं. आणि ओठ दाखवतात ते नेमकं हेच. एकाचं उणं दुसरा भरून काढतो.

आरशासमोर उभ्या राहा आणि आवाज न काढता म्हणा: पार, बार, भार, मार. चारही वेळा तेच ओठ, तसेच मिटतात, तसेच उघडतात. ओठांवरून हे चार शब्द कुणालाच वेगळे करता यायचे नाहीत. इथे कानाला कामाला लावायचं, तोंड दाखवून काही उपयोग नाही. आता म्हणा: बार, दार, गार. कानाला हे तिन्ही एकमेकांच्या जवळचे, पण आरशात बघा: बारला ओठ मिटले, दारला जीभ दातांमागे दिसली, गारला पुढे काहीच हललं नाही. मळ आणि नळ हीसुद्धा तशीच जोडी. इथे एक झलक तोंडाची दिली की चुटकीसरशी सुटतं.

तिसरा गट छळवादी आहे. वेल आणि वेळ, काल आणि काळ, मन आणि मण. जीभ आतल्या आत वळते, ओठांना पत्ताच नसतो, आणि आवाजातला फरकही बारीक. असे शब्द सुटे विचारून परीक्षा घेऊ नका. "भोपळ्याचा वेल" आणि "जेवायची वेळ" असे वाक्यातच ठेवा. रोजच्या बोलण्यातही माणूस ते संदर्भानेच ओळखतो.

आता सरावाची बैठक. इम्प्लांट उजव्या कानाला, तर तुम्ही त्यांच्या उजवीकडे, हातभर अंतरावर, खांद्याच्या किंचित मागे खुर्ची टाका. दोघांच्या पुढ्यात टेबलावर शब्दांची यादी. त्यांनी यादीकडे बघायचं, तुमच्याकडे नाही. एवढं केलं की झाकायची गरजच उरत नाही. हाताने किंवा पदराने तोंड झाकलं की आवाज दबतो, त्यातही पहिले मार खातात ते स, श, च असे बारीक, फुसफुसणारे आवाज, आणि तेच त्यांना आधीच जड जातात. म्हणजे तुम्ही आठ दिवस त्यांना अवघड पेपर आणखी अवघड करून दिलात. समोरासमोर बसूनच सराव करायचा असेल तर भरतकामाच्या गोल फ्रेममध्ये स्पीकरच्या जाळीवर लावतात तसं पातळ काळं कापड एकपदरी ताणून बसवा आणि ती फ्रेम तोंडापुढे धरा. आवाज आरपार जातो, ओठ दिसत नाहीत.

एक गोष्ट बरेचदा नजरेतून सुटते. आजकालच्या प्रोसेसरमध्ये गोंगाटासाठी एक प्रोग्रॅम असतो, तो समोरचा आवाज उचलतो आणि बाजूचा, मागचा दाबतो. तो चालू असताना तुम्ही खांद्यामागून बोललात तर मशीन तुम्हालाच गोंगाट समजेल. बाजूला बसून सराव करताना शांत जागेचा, चारी बाजूंनी ऐकणारा प्रोग्रॅम लावा. कुठल्या नंबरला कुठला प्रोग्रॅम आहे, हे ऑडिओलॉजिस्टकडून कागदावर लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा.

सरावापुरतं डाव्या कानातलं श्रवणयंत्र काढायचं का, हेही त्यांनाच विचारा. बहुधा "हो, अर्धा तास काढा, मग परत लावा" असं सांगतील, कारण दोन्ही चालू असली की जुना, ओळखीचा कान पुढे पुढे करतो. पंखा बंद, मिक्सर बंद, खिडकी लावलेली. टाइल्सची फरशी आणि उघड्या भिंती असल्या की आवाज घुमतो. जाड पडदा असलेली, गादी घातलेली बेडरूम हॉलपेक्षा बरी.

वेळ: रोज १५ मिनिटं सकाळी, १५ मिनिटं संध्याकाळी, आठवड्यातून पाच दिवस. सलग तासभर बसवू नका, ऐकून माणूस थकतो आणि थकला की डोळे आपोआप तुमच्या तोंडाकडे वळतात.

प्रत्यक्षात एक वाक्य कसं चालतं ते बघा. तुम्ही बाजूला बसून, नेहमीच्या आवाजात म्हणालात, "उद्या सकाळी पाणी येणार नाही." त्यांना ऐकू आलं, "उद्या सकाळी राणी येणार?" लगेच वळून तोंड दाखवू नका. आधी तेच वाक्य त्याच वेगात, पण मध्ये श्वासभर थांबून: "उद्या सकाळी… पाणी… येणार नाही." नाही लागलं, तर विषयाचा एक शब्द चिठ्ठीवर: "महापालिका". बऱ्याचदा इथेच डोळे चमकतात. तरीही नाही, तर दोन पर्याय लिहून पुढे सरकवा, "पाणी" आणि "राणी", आणि वाक्य पुन्हा म्हणा. मग तोंड: समोर येऊन एकदा. प ला ओठ मिटलेले दिसले की राणी बाद. सगळ्यात शेवटी पूर्ण वाक्य लिहून. थोडक्या मदतीपासून जास्तीकडे जायचं, आणि जिथे उलगडा होईल तिथे थांबायचं.

आता तिसरा थर. परत बाजूला बसा, त्यांची नजर यादीवर, आणि तेच वाक्य दोनदा म्हणा. कळत नसलेलं वाक्य वाचल्यानंतर ऐकलं की एकदम लख्ख ऐकू येतं, हे त्यांना स्वतःला जाणवेल, आणि त्या क्षणाचाच फायदा घ्यायचा असतो. एवढं झालं की एक शब्द बदला: "परवा सकाळी पाणी येणार नाही." "उद्या संध्याकाळी पाणी येणार नाही." बदललेलं पकडलं तर कान ऐकतोय, आधीचंच वाक्य म्हणून दाखवलं तर ती पाठांतराची करामत आहे. रात्री जेवताना तेच वाक्य सहज टाका आणि बघा.

एका बैठकीला दहा वाक्यं पुरेत. दहातली आठ पहिल्याच ऐकण्यात बरोबर आली की पातळी चढवा. पाचपेक्षा कमी आली तर उतरवा. चढवताना एकाच वेळी एकच गोष्ट बदला: वाक्य लांब करा, किंवा पर्यायांची यादी काढून घ्या, किंवा पंखा चालू करा. तिन्ही एकदम केलंत तर कुठे अडलं ते तुम्हालाही कळायचं नाही.

सुरुवात अगदी सोप्यापासून: शब्दाच्या लांबीवरून ओळखणं. बाजाराची यादी घ्या. पाव, मेथी, बटाटा, शेवग्याच्या शेंगा. हे चार लिहून समोर ठेवा आणि एकेक म्हणा. अक्षर न कळताही ठेक्यावरून ओळखता येतात, आणि दहापैकी नऊ बरोबर आले की माणसाची उमेद परत येते. अडलं तर बोटाने टेबलावर ठेका वाजवून दाखवा: ब-टा-टा, तीन टिचक्या. हीसुद्धा डोळ्यांची मदतच, पण ओठांपेक्षा हलकी.

तुमच्या भागात तर तयार अभ्यासक्रम रुळांवर मांडलेला आहे. ट्रान्स हार्बर लोकलची ठाण्याहून वाशीकडे जाणारी स्टेशनं एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा. ठाणे, तुर्भे, वाशी दोन अक्षरी ठेक्याची. दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, सानपाडा तीन. कोपरखैरणे सगळ्यात लांब, ते पहिल्या दिवशीच ओळखतील, घरचंच स्टेशन. मग तीन अक्षरांच्या गटात शिरा. रबाळे सोपं, मधल्या ब ला आवाज क्षणभर तुटतो आणि शेवटही वेगळा. खरी कसोटी ऐरोली आणि घणसोलीची, दोन्हींचा शेवट "ओली". फरक सुरुवातीला आणि मधल्या स मध्ये. घणसोलीला ऐरोली ऐकू येत असेल तर त्यांना स पोचत नाहीये, हे वहीत लिहून ठेवा, ऑडिओलॉजिस्टला याचा उपयोग होतो.

घरी जमलं की दुपारच्या, कमी गर्दीच्या लोकलमध्ये. "पुढील स्टेशन…" सुरू झालं की त्यांनी डोळे खिडकीबाहेर ठेवायचे, नाव ऐकायचं, मनात ठरवायचं, मग डब्यातल्या इंडिकेटरवर बघायचं. तीच घोषणा लगेच हिंदीत आणि इंग्रजीत होते, म्हणजे तिसरा थर रेल्वेच घालून देते, फुकटात. गाडीच्या खडखडाटात चुका होणार, तिथले मार्क धरू नका. आणि एक बजावून सांगतो: हे बसल्या जागी, डब्यात. रस्ता ओलांडताना, पाम बीच रोडवर चालताना "कानाने ओळख" असले खेळ अजिबात नाहीत. दोन बाजूंना दोन वेगळ्या जातीची यंत्रं असली की गाडी कुठल्या बाजूने येतेय ते नीट कळत नाही. तिथे डोळेच हवेत.

आता ओठ दाखवायला सक्त मनाई कुठे, ते. रोज सकाळी प्रोसेसर लावल्यावर दोन मिनिटांची एक तपासणी करायची. बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवणारे तज्ज्ञ डॅनियल लिंग यांच्या नावाने ती ओळखली जाते. सहा आवाज: म्, ऊ, आ, ई, श्, स्. तुम्ही बाजूला बसून, क्रम बदलत, मधली वेळ कमी-जास्त करत एकेक आवाज काढायचा आणि त्यांनी तो म्हणून दाखवायचा. मध्ये एखाद्या वेळी काहीच बोलायचं नाही, अंदाजपंचे उत्तर येतंय का ते कळतं. आधी तीन फुटांवरून, मग दहा फुटांवरून. दर वेळी मान हलवणं, भुवई उचलणं, श्वास ओढणं, खांद्याला स्पर्श करणं बंद. वर्षानुवर्षं ओठ वाचलेला माणूस एवढ्यावरून उत्तर काढतो.

यात तोंड का नको? ई आणि ऊ घ्या. प्रत्येक स्वरात आवाजाचा जोर मुख्यतः दोन पट्ट्यांवर असतो, एक खालची, एक वरची. या दोन्हींची खालची पट्टी जवळपास सारखीच असते. फरक वरच्या पट्टीत: ई ची २,००० हर्ट्झच्या पुढे, ऊ ची १,००० च्या आत. वरचे आवाज मशीनमधून येईनासे झाले की ई सुद्धा ऊ सारखी ऐकू येते. पण ओठ? ई ला फाकलेले, ऊ ला चंबू. बघितलं की दहापैकी दहा बरोबर, आणि मशीनचा बिघाड महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही. डोळा कानाच्या डोक्यावर बसतो, हे १९७६ साली हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. आवाज "बा" चा, चित्र "गा" म्हणणाऱ्या तोंडाचं, आणि चांगल्या कानाच्या माणसांनाही "दा" ऐकू आलं.

एका सकाळी स् किंवा श् अचानक गायब झाला तर आधी मायक्रोफोनवरची जाळी बघा. कोपरखैरण्यात जून ते सप्टेंबर हवेत जेवढं पाणी असतं, त्यात घाम आणि तेल मिसळून ती बुजते, आणि बुजली की आधी बारीक आवाज जातात. जाळी पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत बदला, रात्री प्रोसेसर सुकवणीच्या डब्यात ठेवा, आणि डब्यातली सिलिका निकामी झाली की बदला. जाळी बदलूनही आवाज परत आला नाही, किंवा सहापैकी एखादा आवाज लागोपाठ तीन-चार दिवस चुकतोय, तर पुढच्या तारखेची वाट न बघता मॅपिंगला जा. आवाजाबरोबर चेहरा फडफडला, दुखलं, किंवा ऐकू येणं एकदम कमी झालं तर त्याच दिवशी फोन करा.

टीव्हीचं मुलाला असं सांगा: अक्षरं लावून सलग बघणं ही करमणूक आहे, तिला सराव म्हणू नये. डोळे वाचतात, कान बसून राहतो. करमणूक म्हणून खुशाल बघू द्या, थकलेल्या माणसाला तेवढं हवंच. सराव करायचा असेल तर दोन-तीन मिनिटांचा तुकडा घ्या: आधी अक्षरांशिवाय, मग अक्षरांसह, मग परत अक्षरांशिवाय. अक्षरं बोलण्याच्याच भाषेत, शब्दाला शब्द हवीत. हिंदी संवाद आणि खाली इंग्रजी अक्षरं, अशात कानाला जोडायला काही मिळतच नाही. डब केलेल्या मालिकाही नकोत, ओठ एक म्हणतात, आवाज दुसरंच. ब्लूटूथवरून टीव्हीचा आवाज थेट प्रोसेसरमध्ये घेत असाल तर ओठ आणि आवाज जुळतात का ते तपासा. आवाज मागे पडत असेल तर चेहऱ्याची मदत उलटी बाधते. मराठी बातम्या मात्र उत्तम. निवेदक पडद्यावर असतो तेव्हा कान आणि ओठ दोन्ही, दृश्यं सुरू झाली की नुसता आवाज, आणि विषय तोच.

टीव्हीपेक्षाही वर्तमानपत्र जास्त कामाचं. त्यांनी सकाळी वाचलेली एखादी छोटी बातमी घ्या. तुम्ही पाच-सहा शब्दांचा तुकडा वाचायचा, त्यांनी जसाच्या तसा म्हणायचा, बरोबर आला की पुढचा तुकडा. पाच मिनिटं तोंड दाखवून, पाच मिनिटं बाजूला बसून. दोन्ही वेळा किती शब्द पार पडले ते मोजा, पाचने भागा आणि वहीत शेजारी शेजारी लिहा. पुनर्वसनात ही मोजणी १९७८ पासून वापरात आहे. दोन आकड्यांमधलं अंतर आठवड्यामागून आठवडे कमी होत गेलं तर गाडी रुळावर आहे. तोंड दाखवलेला आकडा वाढतोय आणि दुसरा जिथल्या तिथे, तर सराव डोळ्यांचा चाललाय. मग तिसऱ्या थराला जास्त वेळ द्या. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत फरक सगळ्यात जास्त दिसतो, वर्षभर पुढेही सरकतो. चौथ्या महिन्यात तोंडाशिवाय शब्द अडणं काही जगावेगळं नाही, विशेषतः इतकी वर्षं कान बंद असताना.

नातेवाइकांनाही कामाला लावा. त्यांनी व्हॉट्सॲपवर आधी छोटा व्हॉइस मेसेज पाठवायचा आणि पाच मिनिटांनी तेच शब्द लिहून. यजमानांनी आधी दोनदा ऐकायचं, मग वाचायचं, मग परत ऐकायचं. फोनचं घोडं शेवटी दामटा. आधी व्हिडिओ कॉल, मग व्हिडिओ कॉलमध्येच फोन मिनिटभर उलटा ठेवून, मग साधा फोन, ठरलेल्या माणसाशी, ठरलेल्या विषयावर.

घरातल्या बोलण्यात दोन सवयी बदला. एक तुमची: मोठ्याने, तोंड वासून, अक्षर अक्षर तोडून बोलू नका. ओरडलेला आवाज मशीन स्वतःच दाबतं, आणि ताणलेल्या ओठांचा आकार ओळखीचा राहत नाही. किंचित सावकाश, वाक्याच्या तुकड्यांमध्ये थांबत, खिडकीकडे तोंड करून बोला. पाठ खिडकीला असली की चेहरा काळोखात जातो. स्वयंपाकघरातून हाका मारण्यापेक्षा चार पावलं जवळ या, अंतर निम्मं झालं की आवाज ६ डेसिबलने वाढतो, फुकट.

दुसरी सवय त्यांची. न कळता "हो हो" म्हणणं बंद. "काय?" म्हणणंही बंद, कारण "काय?" म्हटलं की तुम्ही अख्खं वाक्य जोरात परत म्हणता. जेवढं ऐकू आलं तेवढं सांगून उरलेलं विचारायचं: "उद्या सकाळी काय येणार नाही?" मग तुम्हाला एकच शब्द द्यायचा असतो.

थेरपिस्टकडे नियमित जाणं खर्चाचं होत असेल तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग यांच्या नावाची वाणी आणि श्रवणाची केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आहे, तिथल्या बाह्यरुग्ण विभागात चौकशी करा. जाताना वही न्या: दोन आकड्यांची पानं, सहा आवाजांतले कुठले चुकले ते, आणि कशाच्या जागी काय ऐकू आलं त्याची यादी. "ऐकू येतं पण कळत नाही" एवढ्यावर मॅप बदलता येत नाही. "स चा ह ऐकू येतो, ई ची ऊ होते" यावर येतो.

ता. क. मुलाचं राहिलंच. त्याच्या मिशा वरच्या ओठावर येतात का ते बघा, दाढीमिशीवाल्यांचं निम्मं बोलणं केसांतच राहतं. तो फोनमध्ये बघत, मान खाली घालून बोलतो का, वाक्याचा शेवट गिळतो का, मराठीत अर्धं इंग्रजी मिसळतो का, हेही बघा. विषय मध्येच इंग्रजीत गेला की आधीच्या संदर्भाचा आधार सुटतो. सून बहुधा समोर बसून, त्यांच्याकडे बघून बोलत असेल. आवाजाआवाजातही फरक असतो, म्हणून सराव एकट्या तुमच्याच आवाजावर ठेवू नका. संध्याकाळच्या १५ मिनिटांतली पाच मिनिटं मुलाच्या नावावर टाका आणि स्टेशनांची यादी त्याच्या हातात द्या. मिशा कापायला कात्री तुम्हीच द्या, तो स्वतःहून कापायचा नाही.